मधली चित्रं

दुधाचा चहा ओतून कलमकास पहिला घोट घेणार तोच फोन वाजला आणि पडद्यावर उंटाच्या पिल्लाचा कान आला. नुसता कान, पडदाभर. त्याच्यामागे मानेवर उतरत गेलेला तपकिरी डाग. खाली मोल्दिरने लिहिलं होतं की मावशी, ही घाण आहे की चित्रातलंच काही? मशीन घाण म्हणतंय, पण घाण अशी कानाबरोबर हलत नाही. चारच्या आत सांगा, मग प्रत पक्की होते, पुढे बदल नाही. मोल्दिर ही स्टुडिओच्या तळघरात जुन्या फिल्मा धुऊन-पुसून नव्या करणारी बाई, पस्तिशीची, कामाला चोख आणि बोलायला सरळ. तिने विचारलं ते साधंच होतं. पण बेचाळीस वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारणार नाही अशी कलमकासने मनाची समजूत घालून ठेवली होती. चहावर साय धरली. खिडकीबाहेर नाल्यातून डोंगरातलं पाणी खळखळत उतरत होतं, शेजारीण तिच्या गाडीवर ओरडत होती, अल्माटीची एक साधी सकाळ चालू होती.

तिने फोन पालथा ठेवला. पुन्हा सुलटा केला. डाग जागच्या जागी होता. तिची रेष तिने लगेच ओळखली. पेन्सिल जरा तिरपी धरायची, वळणावर दाब द्यायचा आणि शेवटी एकदम उचलायची, ही तिची खोड. त्या वेळी स्टुडिओत तिच्यासारख्या सात मुली होत्या. मुख्य चित्रकार दोनच चित्रं काढायचा: पिल्लू समोर बघतंय, हे एक, आणि पिल्लाने मान मागे वळवली आहे, हे दुसरं. या दोन्हींच्या मधे मान कशी कशी वळत गेली ती नऊ चित्रं मुलींनी काढायची. त्यांना सगळे मधल्या म्हणायचे. मधलीला बोलवा, मधलीला विचारा. सिनेमाच्या सुरुवातीला नावं यायची त्यात मधल्यांची नसायची. चित्रं मग पारदर्शक कचकड्याच्या पत्र्यांवर उतरवायची, मागून रंगवायची, त्यांचे फोटो काढायचे, आणि फोटो झाले की पत्रे गरम पाण्याच्या टबात टाकून साबणाने धुवायचे. पत्रे लांबून यायचे, कमी यायचे, पुढच्या सिनेमाला तेच लागायचे. धुण्याच्या दिवशी सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले. वाळवंट, आभाळ, लांडगे, पिल्लू, सगळं मिळून करड्या रंगाचं पाणी व्हायचं आणि मोरीतून बाहेरच्या नाल्यात जायचं. कलमकासला तो दिवस आवडायचा. आपण काय काढलं याचा जाब विचारायला काही शिल्लक राहत नाही, असं तेव्हा तिला वाटायचं. फिल्म राहते हे ती विसरली होती.

सिनेमा मात्र राहिला. तो न पाहिलेलं पोर या शहरात सापडणार नाही. एका सांडणीचं पिल्लू मरतं, ती दूध देईना. धनगर मेलेल्या पिल्लाचं कातडं काढतो आणि एका पोरक्या पिल्लाच्या अंगावर बांधतो. सांडणी कातडं हुंगते आणि त्याला पाजू लागते. पिल्लू मोठं होतं. आपण ते नव्हे, हे त्याला ठाऊक असतं. पुढे बर्फाचा हिवाळा येतो, कळप गाडला जातो, पिल्लू एकटं खिंडीपर्यंत पोचलेलं असतं, पुढे वाट मोकळी असते. मागून आई मेलेल्या पिल्लाच्या नावाने हाक मारते. आणि पिल्लू मान वळवतं. त्या वळण्यावर विद्यापीठात व्याख्यानं होतात. ओळख म्हणजे काय, जबाबदारी म्हणजे काय, दुसऱ्याचं नाव स्वीकारणं हीच कशी खरी ओळख. एका व्याख्यानाला कलमकास मागच्या बाकावर बसली होती. चष्मेवाला माणूस हातवारे करून सांगत होता की या एका क्षणात पिल्लू सगळ्या मेलेल्यांची जबाबदारी खांद्यावर घेतं. तिला हसू आलं होतं, आणि मग हसू येईनासं झालं होतं. क्षण कसला, नऊ चित्रं होती ती. एक सेकंदसुद्धा नाही.

त्या एका सेकंदाला मुलं रडायची. लांडग्यांना भ्यायची नाहीत, बर्फाला नाही, पण मान वळताना डोळे झाकायची. आयांची पत्रं यायची. पहिल्यांदा सिनेमा दाखवला तेव्हा मुख्य चित्रकाराच्याही भुवया चढल्या होत्या. इथे काहीतरी हलतंय, तो म्हणाला, काहीतरी येतंय आणि जातंय. त्याच्या पहिल्या चित्रात डाग नव्हता, शेवटच्यात नव्हता, फक्त मधल्या नवांत होता. रंगवणाऱ्या बायकांनी पेन्सिलीत होतं तसं इमानाने रंगवून टाकलं होतं. पण तिमाहीची मुदत संपत आलेली, पत्रे धुऊन पुढच्या सिनेमाला गेलेले. पुन्हा काढायचं कुठून? त्याने मधल्यांच्या खोलीत येऊन सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कलमकासने पेन्सिलीला टोक करायला घेतलं होतं. झाकली मूठ, ती तशीच राहिली.

अकराला सर्सेन आला. स्टुडिओपर्यंत सोडायला येईन असं तो कालच म्हणाला होता, कारण तोमिरीसला तपासायला दवाखान्यात न्यायचंच होतं. तोमिरीस ही त्याच्या मुलाची, मिरासची बायको, आठवा महिना सरत आलेला. ती मागच्या सीटवर हात पोटावर ठेवून बसली होती. कलमकास पुढे बसली तसं सर्सेन म्हणाला, "पट्टा लावा, वहिनी." मे महिना होता, ऊन चांगलंच तापलं होतं, आणि त्याने शर्टाची कॉलर वर केलेली होती. ती कायम वरच असते. गाडी खड्ड्यातून गेली तशी मागे डिकीत लाकडाचं काहीतरी ठक्क करून आपटलं.

"पाळणा आहे," सर्सेन म्हणाला. "आपाचा. गावाहून आणवला. मी त्यातलाच."

सर्सेन कलमकासच्या पोटचा. तो तिला वहिनी म्हणतो आणि तिच्या नवऱ्याला, तो होता तोवर, दादा म्हणायचा. यात चोरीछिपी काही नाही. पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही रीत. तो चाळीस दिवसांचा झाला तेव्हा सासू, जिला तो पुढे आपा म्हणू लागला, अल्माटीला आली, होस्टेलच्या खोलीत बसून चहा प्यायली, आणि निघताना पोर उचलून शालीत गुंडाळून घेऊन गेली. मागितलं असं नव्हतंच, जसं आपलं विसरलेलं भांडं माणूस घेऊन जातं तसं. सासूचा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा असताना नदीच्या बर्फाखाली गेला होता. त्याचं नाव सर्सेन. गावी पोचल्यावर तिने पोराला तेच नाव ठेवलं. कलमकासने मनात दुसरं ठरवलं होतं, पण ते कागदावर चढायच्या आतच राहून गेलं. त्या संध्याकाळी रिकाम्या खोलीत ती बसली. छाती दुधाने दुखत होती. आणि त्याच वेळी, हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, तिला हलकं वाटलं. उद्या स्टुडिओत जाता येईल, दोन्ही हात मोकळे. बावीस वर्षांची होती. रडणं आणि हलकं वाटणं एकाच छातीत मावतं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्याचा जो धाक तिच्या मनात बसला तो गेला नाही.

तळघरात थंडावा होता. तोमिरीसला बसायला हवं होतं म्हणून तिघंही खाली आले. मोल्दिरने खुर्च्या सरकवल्या आणि तो प्रसंग सावकाश चालवून दाखवला. पिल्लू समोर बघतं, स्वच्छ. मान वळू लागते, कानामागे डाग उगवतो, पसरतो, मानेवर ओघळतो. मान वळून होते, डाग नाही. पुन्हा. स्वच्छ, डाग, स्वच्छ. इतक्या सावकाश चालवल्यावर पिल्लू हाक ऐकून वळतंय असं वाटत नव्हतं. कुणीतरी त्याला दंडाला धरून ओढतंय असं वाटत होतं. तोमिरीसने तोंड फिरवलं. ती म्हणाली की लहानपणी हा प्रसंग आला की ती टेबलाखाली जायची.

सर्सेन हसला. "वहिनींनी पिल्लाला आंघोळ घातली नसेल," तो म्हणाला, आणि मोल्दिरही हसली. पण त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. हात सवयीने कॉलरकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि खिशात गेला. मोल्दिरने एक कळ दाबून दाखवली. डाग गेला. नऊच्या नऊ चित्रांतून एका दमात गेला, आणि पिल्लाची मान कशी गोजिरवाणी वळली.

"बरं दिसतंय," मोल्दिर म्हणाली. "अजून काही पक्कं केलेलं नाही. मावशी, घाणच आहे ना? ठेवू की पुसू, तुम्ही म्हणाल तसं. त्या वेळचं कुणीच नाही राहिलं विचारायला."

कुणीच राहिलं नाही, हे खरं होतं. घाण आहे म्हटलं असतं तर घाण ठरली असती. कलमकासच्या जिभेवर शब्द आलासुद्धा. पण तिला टबातलं करडं पाणी आठवलं. आधी मूल गेलं, मग त्याचं नाव गेलं, मग पत्रे धुतले. आता हे उरलंसुरलंही धुऊन टाकायचं? आणि ठेव म्हणायचं तर सर्सेन शेजारी उभा होता. चारच्या आत सांगते, एवढंच ती म्हणाली. मोल्दिरने घड्याळाकडे पाहिलं.

दवाखान्यात दोन तास गेले. कलमकास बाहेरच्या बाकावर बसून राहिली. समोरच्या भिंतीवर सोनेरी केसांच्या बाईचं आणि तिच्या बाळाचं चित्र होतं, पण तिला दिसत होता तो हिवाळा. सर्सेन चार वर्षांचा. ती नवऱ्याबरोबर आगगाडीने आणि मग ट्रकने गावी गेलेली, पिशवीत संत्री. पोर सासूच्या झग्यामागे लपलं आणि म्हणालं, वहिनी आल्या. सगळे कौतुकाने हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा ट्रकवाल्याशी बोलायला गेला, सासू मेंढरांच्या गोठ्यात. घरात ती, पोर आणि बुटक्या गोल टेबलावर चहाच्या पाण्याचा उकळता समोवार. तिने पोराला जवळ घेतलं आणि बूट चढवायला सुरुवात केली. घाईत उजवा डाव्या पायात गेला. ते विचारत होतं, कुठे जायचंय, आपा कुठे आहे. मग ते आपा आपा करून ओरडायला लागलं आणि तिला चीड आली. त्याच्यावर आली, हे ती स्वतःशी कधी नाकारू शकली नाही. तिने दंड धरून ओढलं. पोराने टेबलाला पाय लावला. समोवार कलंडला. कानामागून मानेवर पाणी उतरताना पोर आधी काहीच बोललं नाही. त्याने फक्त मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

सासू धावत आली. मेंढीच्या शेपटीची चरबी लावली, पोराला कुशीत घट्ट धरलं. शेजारपाजार जमला तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, माझ्याच हातून सांडलं, म्हातारीचे डोळे गेले. मग कलमकासकडे न बघता हळू म्हणाली, "तू जा. तुझी गाडी चुकेल." आणि ती गेली. ट्रकमध्ये बसली, गेली. नवऱ्यानेही म्हातारीच्या डोळ्यांबद्दल हळहळ केली, आणि तिने मान डोलावली. त्यानंतर पोर परत मागायचं तोंड तिला उरलं नाही. सासूने दोष स्वतःवर घेतला आणि त्याबरोबर पोरही कायमचं घेतलं. तीन महिन्यांनी मुख्य चित्रकाराने दोन चित्रं तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, मान वळव.

साडेतीनला गाडी निघाली. बाळ ठीक होतं, डोकं खाली आलं होतं. रस्त्यात गर्दी होती, डिकीतला पाळणा प्रत्येक ब्रेकला आपटत होता, आणि आता त्याचा आवाज कलमकासला आपल्याच पाठीत येत होता. सर्सेन सांगत होता की पाळणा त्यांच्या खोलीत खिडकीशी लावायचा ठरलं आहे, त्याच्या बायकोने लोकरीची गादी शिवली आहे, चाळीस दिवस झाले की बाळ इकडे. मिरास आणि तोमिरीस शनिवार-रविवार येऊन भेटतील.  तोमिरीसने मागून विचारलं, अगदी बारीक आवाजात, "आजी, तुम्ही दिलंत तेव्हा रडलात का?"

"दिलं म्हणजे काय?" सर्सेन म्हणाला. "वस्तू आहे का ती? मी नाही वाढलो? माझं काय वाकडं झालं?"

कलमकासने त्याच्या कॉलरकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्या कॉलरकडे बघत आली होती आणि इतकी वर्षं मूग गिळून बसली होती. आता मागे एक मुलगी होती, तिच्या पोटात एक मूल होतं, आणि गाडी ज्या घराकडे चालली होती तिथे गादी शिवून तयार होती. हे आत्ता बोललं नाही तर मग बोलायला काही उरणार नव्हतं.

"सर्सेन, तुझा कान मी भाजला," ती म्हणाली. "आपाने नाही."

त्याने ब्रेक दाबला नाही. गाडी तशीच चालत राहिली. सिग्नलला थांबल्यावर तो समोर बघत म्हणाला, "ठाऊक आहे. चार वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो. उजवा बूट डाव्या पायात घातलात. अजून बूट घालताना आठवतं."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"आपाने सांगितलं, तिच्या हातून सांडलं. मग तेच खरं. मी काही म्हटलं असतं तर तुम्ही परत आला असतात का? वर्षातून एकदा यायचात. संत्री आणायचात. तेवढंही गेलं असतं."

 चार वर्षांच्या पोराने ते ओझं उचललं होतं, आणि ते आपल्या खांद्यावर नाही म्हणून ती बेचाळीस वर्षं सुखात होती. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"त्या दिवशी एक कळलं, वहिनी. मूल आई-बापाच्या हातात सुरक्षित नसतं. त्यांना ते हवं असतं ना, म्हणून ते ओढतात. मिरास झाला तेव्हा मी त्याला वर्षभर उचललं नाही, माझ्याच हातांची भीती वाटायची. आता सत्तेचाळिशी आली, हात थंड झालेत. म्हणून हे पोर मी घेतोय. रीतीसाठी नाही."

मागे तोमिरीस रडत होती, आवाज न करता. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला. कलमकासला कळलं की तिच्या गप्प बसण्यातून काय उगवलं आहे. डाग नऊ चित्रांत राहिला नव्हता, पुढच्या चित्रांवर उतरला होता, आणि आता तो मागच्या सीटवर जन्माला यायची वाट बघत होता. ती बोलली तेव्हा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"तुला माझ्याकडून नेलं, म्हणून मी ओढलं. आपलं आपल्यापाशी असलं की ओढावं लागत नाही. आणि तुला नेलं त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं, तेही ऐक. रीत म्हणून मी गप्प बसले नाही, मोकळे हात हवे होते म्हणून बसले. दिलं मी, भाजलं मी, आणि दोष घेतला दुसरीने. ती माझ्याहून भली होती. पण तिने ते झाकलं, आणि झाकलेलं तू असं वाचलंस." तिने पदरासारखा ओढलेला रुमाल डोक्यावर नीट केला. "बाळ तोमिरीसपाशी राहील. घरात आता सगळ्यांत मोठी मी आहे. मागणारा तू असशील, पण मी नाही म्हणते."

 चाराला दहा मिनिटं होती. तिने पिशवीतून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. मोल्दिरने उचलल्यावर ती म्हणाली, "पुसू नका. घाण नाही ती, माझी रेष आहे. मुद्दाम काढलेली." मोल्दिरने काहीतरी विचारलं. "हो, नाव लिहायचं असेल तर लिहा," कलमकास म्हणाली. "मधली चित्रं, कलमकास. लोकांना भीती वाटली तर वाटू दे."

फाटा आला. डावीकडे सर्सेनचं घर, सरळ मिरास-तोमिरीसची इमारत. त्याने डावा दिवा लावला होता. तो टिकटिक करत राहिला. गाड्या इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, डावीकडे वळायला समोरची रांग ओलांडावी लागते, आणि ती संपत नव्हती. मागे पाळणा शांत होता. कानामागची कातडी कॉलरवरून थोडी वर दिसत होती, जून, चुरगळलेली, आणि ती लाल होत चालली होती, थंडीत व्हायची तशी.

"मला नाव काय ठेवणार होतात?" त्याने विचारलं.

हे तिने कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. एकदा, शाल गुंडाळली जात असताना, ओठांत म्हटलं होतं, तेवढंच.

"इल्यास," ती म्हणाली.

त्याने मान वळवली नाही. ती वाट बघत राहिली, एक सेकंद, मग आणखी कितीतरी. समोरची रांग संपली. त्याने डावा दिवा बंद केला आणि गाडी सरळ नेली. इमारतीसमोर थांबून त्याने डिकीचं बटण दाबलं आणि आरशातून तोमिरीसला म्हणाला, "मिरासला खाली बोलाव. पाळणा जड आहे, मला एकट्याला पेलायचा नाही."

मग तो फिरून आला आणि त्याने कलमकासच्या बाजूचं दार उघडून धरलं. तिथे नाला होता, त्यावर फळी होती, फळी ओली होती. त्याने हात पुढे केला, आणि तो खरंच थंड होता.

"पाय जपून, वहिनी," तो म्हणाला.